गव्हाणीतला तोटा : शेळ्या-बोकडांचे अपचन आणि विषारी झाडपाला

थोड्या भांडवलात सुरू होणारा आणि वर्षाच्या आत पैसा परत देणारा धंदा म्हणून शेळीपालनाकडे पाहिले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाखांहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, यावरून या धंद्याचा पसारा ध्यानात यावा. आमच्या वाचकांपैकी अनेकजण या व्यवसायात आहेत. कोणी गावी दहा-वीस उस्मानाबादी शेळ्या राखतो, कोणी ईदच्या हंगामासाठी सहा महिने आधी बोकड घेऊन तयार करतो, तर कोणी देवनारच्या बाजारातून माल उचलून आपल्या शहरात विकतो. या मंडळींशी बोलताना एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते : "काल संध्याकाळी चांगला खात होता, सकाळी पाहतो तर मेलेला." मग कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो साथ आली, कोणी विकणाऱ्याला दोष देतो की त्याने आजारी माल गळ्यात मारला. साथीचे रोग आहेतच, त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू. परंतु आदल्या दिवशी गव्हाणीत काय पडले होते, हा प्रश्न विचारला की पुष्कळदा मृत्यूचे कारण तिथेच सापडते.

आमच्या मोहल्ल्यातील एका दुकानदाराची हकीकत सांगतो. त्यांनी ईदच्या तीन आठवडे आधी राजस्थानकडचे दोन बोकड घेतले. ट्रकमधून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेले, पोट खपाटीला गेलेले. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की गहू-हरभरा भरपूर चारा, वजन धरतील. घरातल्या मुलांनी लाडाने पोळ्या दिल्या, उरलेला भात दिला. दुसऱ्या रात्री मोठ्या बोकडाची दोरी सुटली आणि कोपऱ्यातल्या भरड्याच्या गोणीत त्याने तोंड घातले. सकाळी तो कान टाकून, मान वळवून बसलेला होता. दात खात होता, रवंथ बंद. दुपारपर्यंत आंबूस वासाची पातळ हगवण सुरू झाली. पोट हलवले की पखालीत पाणी खळखळावे तसा आवाज येई. उष्णता झाली असेल म्हणून घरच्यांनी त्याला साखरेचे पाणी पाजले. डॉक्टर आले तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते. सलाईन लावले, पण बोकड गेला. लहान बोकडाच्या वाट्याला भरडा आला नव्हता, तो वाचला.

या घरात कोणी निष्काळजी नव्हते. उलट त्या जनावराचे जितके कोडकौतुक झाले तितके त्याच्या जन्मात कधी झाले नसेल. मग घडले काय?

कोठीपोटाचा कारभार

शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या पोटाला चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. खाल्लेला चारा प्रथम कोठीपोटात जातो. तिथे तो पचवण्याचे काम जनावर स्वतः करीत नाही. डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्म जीव ते करतात. गवतातील जो तंतू माणसाला पचत नाही, तो हे जीव आंबवून जनावराला पोसतात. म्हणजे शेळी पाळणारा खरे तर या सूक्ष्म जीवांची वसाहत पाळीत असतो. जसा चारा तशी वसाहत तयार होते. कडबा आणि झाडपाला खाणाऱ्या जनावरात तंतू पचवणारे जीव जास्त, दाणा खाणाऱ्यात पिष्ट पचवणारे जास्त. एका वसाहतीची दुसरी होण्यास दोन आठवडे तरी लागतात.

ही मुदत न देता एकदम दाणा पडला की त्यातील पिष्टावर झपाट्याने वाढणारे जीवाणू तुटून पडतात आणि दह्यात असते तशा प्रकारचे आम्ल, म्हणजे लॅक्टिक आम्ल, तयार करतात. आम्ल वाढले की चांगले जीव मरतात आणि आम्लात तगणारेच उरतात, ते आणखी आम्ल करतात. कोठीपोटाचा सामू एरवी सहा-सातच्या दरम्यान असतो, तो पाचाच्या खाली घसरतो. मग अंगातले पाणी ओढले जाऊन पोटात साचते. खळखळ आवाज येतो तो याच पाण्याचा. रक्त घट्ट होते, त्यात आम्ल उतरते, जनावर झोकांड्या खाऊ लागते. वर पाजलेले साखरेचे पाणी म्हणजे त्याच आगीत ओतलेले तेल. जी जनावरे यातून वाचतात त्यांपैकी काहींचे खूर सुजतात आणि ती कित्येक दिवस लंगडतात.

किती दाणा घातक ठरतो, याचे मोजमाप झालेले आहे. सवय नसलेल्या आणि उपाशी शेळी-मेंढीला दर किलो वजनामागे पन्नास-साठ ग्रॅम भरडलेले धान्य पुरते. तीस किलोच्या बोकडाचा हिशेब केला तर दीड-पावणेदोन किलो होतात. सुटलेला बोकड गोणीत तोंड घालून एवढे सहज फस्त करतो. आख्ख्या दाण्यापेक्षा भरडा आणि पीठ अधिक धोक्याचे, कारण ते लवकर आंबते. गहू, बाजरी, मका, तांदूळ, शिळ्या पोळ्या, पाव, सगळे एकाच माळेचे मणी. लग्नसराईत जेवणावळ उठल्यावर उरलेला भात आणि बिर्याणी मांडवामागे ओतून देण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे परिसरातल्या गाई-म्हशी आणि शेळ्या दरवर्षी याच रीतीने दगावतात. अन्न वाया जाऊ नये हा हेतू चांगला, पण त्यासाठी ते जनावरापुढे ढिगाने ओतणे हा मार्ग नव्हे. मूठभर द्यावे, तेही कडबा खाऊन झाल्यावर.

तर मग बोकड तयार करायचे कसे? आमचे म्हणणे इतकेच की घाई करू नये. बाजारातून आणलेल्या जनावराला पहिले दोन-तीन दिवस पाणी, वाळलेला चारा आणि ओळखीचा झाडपाला यावरच ठेवावे. विकणाऱ्याला विचारावे की तो काय चारीत होता, आणि शक्य झाल्यास तोच चारा थोडा बरोबर घ्यावा. या एका प्रश्नाला दोन मिनिटे लागतात, पण किमतीवर घासाघीस करताना तो कोणाला आठवत नाही. त्यानंतर खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करावा आणि दर दोन-तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवीत दोन आठवड्यांत २५०-३०० ग्रॅमपर्यंत न्यावा, तोही सकाळ-संध्याकाळ विभागून. खुराकाआधी वाळलेला चारा पोटात असलाच पाहिजे. तो चावताना आणि रवंथ करताना जी लाळ सुटते तिच्यात नैसर्गिक सोडा असतो, आणि तो आम्ल मारतो. गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते ती उगीच नव्हे. ईदला आठ दिवस राहिले असताना घेतलेला बोकड दाण्याने जाड करण्याच्या भानगडीत पडू नये. आठ दिवसांत जे वजन वाढलेले दिसते त्यात पोटातल्या पाण्या-चाऱ्याचाच वाटा मोठा असतो.

जनावराने दाणा जास्त खाल्ला हे लवकर कळले, तर पुढचा दाणा तत्काळ बंद करून डॉक्टरांना बोलवावे. ते येईपर्यंत पंचवीस-तीस किलोच्या बोकडाला २० ते ३० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पाजता येतो. पाजताना डोके उंच उचलून घशात ओतू नये, पाणी फुप्फुसात गेले तर जनावर दुसऱ्याच कारणाने मरेल. मान सरळ ठेवून, जबड्याच्या बाजूने, थोडे थोडे पाजावे. गिळत नसेल, आडवे पडले असेल तर काही पाजूच नये. सोडा हा उपचाराचा आरंभ आहे. शिरेतून सलाईन देण्याची किंवा पोट उघडून दाणा काढण्याची वेळ आली आहे की नाही, ते डॉक्टरच ठरवू शकतात.

याच्याच जोडीला आंत्रविषाराची माहिती ठेवावी. आतड्यात एरवी थोड्या प्रमाणात राहणारा एक जीवाणू भरपूर दाणा किंवा कोवळे गवत मिळाले की भराभर वाढून विष सोडतो. यात कळपातले सर्वात धष्टपुष्ट करडू प्रथम जाते, तेही काही तासांत, झटके देऊन. त्यामुळे नजर लागल्याचा समज याच रोगाने पक्का केला असावा असे आम्हाला वाटते. यावर लस आहे. पावसाळ्यापूर्वी टोचावी, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि पुढे दरवर्षी. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला आली होती. चांद्रवर्षाच्या हिशेबाने ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे येत्या काही वर्षांत बोकड तयार करण्याचा हंगाम ऐन टंचाईच्या उन्हाळ्यात पडणार. जनावर भुकेले आणि मालकाला घाई, असा तो काळ असेल.

पोटफुगीविषयी थोडक्यात. पहाटेचा दवभिजला लसूणघास, बरसीम किंवा चवळीचा कोवळा पाला उपाशी पोटी खाल्ला की पोटात फेस धरतो आणि वायू बाहेर पडत नाही. डावी कूस ढोलासारखी फुगते, टिचकी मारली तर तसाच आवाज येतो. शेळीला ५० ते १०० मिलिलिटर गोडेतेल पाजल्याने फेस मोडतो. जनावराचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभे करावे आणि चालवावे. श्वास कोंडू लागला तर कूस टोचून वायू काढावा लागतो. ते जाणकाराचे काम आहे, घरच्या सुरीने करू नये. हिरवा चारा तोडून काही वेळ सुकवला आणि आधी कडबा दिला तर सहसा हा प्रसंग येतच नाही.

किरळ : तासाभरात गोठा रिकामा

सोलापूर आणि मराठवाडा भागातील वाचकांना किरळ लागणे म्हणजे काय ते सांगायला नको. पण शहरातून गावी परतून गोठा घातलेली नवी पिढी हे शब्द विसरली आहे, म्हणून विस्ताराने लिहितो. ज्वारीच्या कोवळ्या रोपात एक पदार्थ असतो. पान चावले गेले, चिरडले गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, सुटते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव हे काम आणखी लवकर करतात. म्हणून घोड्यापेक्षा गाय-म्हैस आणि शेळी यांना धोका जास्त. पीक गुडघ्याएवढे होईपर्यंत विष सर्वाधिक असते. पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेल्या, वाळू घातलेल्या पण पुरत्या न वाळलेल्या, आणि कापणीनंतर खोडव्यातून पुन्हा फुटलेल्या धाटांतही ते असते. युरिया जास्त पडलेल्या शेतात ते वाढते. एक किलो ओल्या चाऱ्यात २०० मिलिग्रॅमच्या वर विष असेल तर तो चारा धोक्याचा समजतात. शेळीला तिच्या दर किलो वजनामागे साधारण दोन मिलिग्रॅम विष जीव घेण्यास पुरते. हिशेब केला तर तीस किलोच्या शेळीला तसला तीनशे ग्रॅम पाला झाला. शेळी बांधावरून फिरता फिरता एवढा ओरबाडते.

हे विष रक्तातला प्राणवायू शरीराच्या पेशींना वापरू देत नाही. रक्त प्राणवायूने भरलेले आणि लालभडक, तरी जनावर गुदमरून मरते. खाल्ल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत धाप लागते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, जनावर कोसळते, आणि तासाभरात सर्व आटोपते. लक्षणे दिसल्यावर दोन तास तगलेले जनावर बहुधा वाचते. त्यावर उतारा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे डॉक्टर शिरेतून देतात आणि वेळेत दिली तर आडवे पडलेले जनावर उठून उभे राहते. म्हणून ज्या गावांत ज्वारी आहे तिथल्या पशुपालकांनी पेरणीच्या सुमारासच आपल्या दवाखान्यात चौकशी करून ठेवावी की ही औषधे तिथे आहेत काय. गुळाचे पाणी आणि ताक पाजीत बसण्यात जो अर्धा तास जातो तोच निर्णायक असतो.

किरळ लागण्याचे प्रसंग बहुतेक एकाच पद्धतीने घडतात. रब्बीची ज्वारी निघून गेलेली असते, शेत मोकळे असते, अवकाळी सर पडते आणि धसकटांतून हिरवे फुटवे निघतात. महिनाभर कडब्यावर राहिलेली जनावरे त्या हिरव्यावर तुटून पडतात. मालक समाधानाने पाहत असतो की चला, फुकट हिरवा चारा मिळाला. अशा शेतात जनावर घालू नये. फुलोऱ्यात आलेली ज्वारी कापून द्यावी. पूर्ण वाळवलेल्या कडब्यात आणि मुरघासात विष फारसे राहत नाही.

कुंपणावरची झाडे

शेळी झाडपाल्याची शौकीन असली तरी ती मूर्ख नसते. ओळखीच्या रानात ती विषारी झाड सहसा टाळते. विषबाधा होते ती तीन प्रसंगी : दुष्काळात दुसरे काही उरत नाही तेव्हा, परक्या भागातून आणलेल्या जनावराला झाड ओळखीचे नसते तेव्हा, आणि माणूस स्वतः कापून पुढ्यात टाकतो तेव्हा.

तिसऱ्या प्रकारात कण्हेर पहिली. बंगल्याच्या बागेत आणि हमरस्त्याच्या दुभाजकावर ती लावलेली असते. माळी छाटणी करून ढीग बाहेर टाकतो, कोणी तो हिरवा पाला म्हणून उचलून आणतो. कण्हेरीचे विष थेट हृदयावर चालते. मोठ्या जनावराला दहा-वीस पाने पुरतात, शेळीला त्याहून पुष्कळ कमी. पाने वाळली तरी विष जात नाही. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच. एरंडाच्या बियांचे आणि खत म्हणून मिळणाऱ्या एरंडी पेंडीचेही भय आहे. पेंड हा शब्द ऐकून ती खुराकात मिसळणारे महाभाग आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

घाणेरी, म्हणजे टणटणी, कोकणापासून विदर्भापर्यंत माजलेली आहे. ती खाल्ल्यावर यकृत बिघडते, लघवी पिवळी होते, लेंड्या घट्ट होतात आणि अंगाला ऊन सोसत नाही. नाकाची, कानांची, कासेची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. अशा जनावराला प्रथम गडद सावलीत बांधावे, मग औषध. विदर्भात ओढ्याकाठी वाढणारी बेशरम वेगळ्याच प्रकारची. शेळीला तिची चटक लागते असे म्हणतात आणि ते खरे आहे. आठवडेच्या आठवडे खाऊन जनावर रोडावते, मान हलवते, तोल जातो, आणि एकदा मेंदूवर परिणाम झाला की फारसा उपाय उरत नाही.

सुबाभळीची गोष्ट निराळी, कारण ती वैरीही आहे आणि मित्रही. उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने मणिभाई देसाई यांच्या काळात तिचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त झाले की केस गळतात आणि गळ्याची ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास होई, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र होत नसे. शोध घेता त्या शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिनचे विष पचवणारा जीवाणू सापडला. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडला गेला आणि त्रास थांबला. आपल्याकडे सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी ठेवली आणि हळूहळू सवय लावली तर भीती नाही.

टंचाईच्या दिवसांतला आणखी एक चारा म्हणजे उसाचे वाढे. त्यात ऑक्झॅलेट असते, ते अंगातला चुना बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर महिनोन्महिने राहिलेल्या जनावराची हाडे आणि दूध दोन्ही खचतात. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, क्षार मिश्रण द्यावे आणि दुसरा चारा मिसळावा. पावसाळ्यात बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड आणि मका स्वस्तात मिळतो, तो स्वस्त नसतो. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले ते अशाच बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ते उकळून जात नाही आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरते.

मरू घातलेल्या जनावराचा सौदा

आता एक अवघड गोष्ट. विषबाधेने बोकड पडला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो, जीव जाण्याआधी जबह करून निदान मांसाचे पैसे तरी सोडवावेत. गुंतलेली रक्कम पाहता हा विचार येणे आम्हाला कळते. पण सायनाइड, कण्हेर, कीटकनाशके किंवा आदल्या दिवशी टोचलेली औषधे ज्याच्या अंगात आहेत, त्याचे मांस गिऱ्हाइकाला काहीही न सांगता देणे हा धंदा नव्हे. कत्तलखान्यात जबहपूर्वी जनावर तपासण्याचा नियम याचसाठी आहे. उघडपणे आजारी असलेले जनावर कुर्बानीलाही चालत नाही, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. तरीही ईदच्या आदल्या रात्री असा पडलेला माल निम्म्या किमतीत फिरतो आणि घेणारे भेटतात.

तोटा भरून काढण्याचा रास्त मार्ग विम्याचा आहे, आणि तो जनावर जिवंत असतानाच घ्यावा लागतो. विमा असल्यास कानातला बिल्ला हरवू देऊ नये. जनावर मेल्यावर पुरण्याची घाई न करता विमा कंपनीला कळवावे आणि सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे. विमा नसला तरी शवविच्छेदन करावे, कारण एक मेले त्याचे कारण कळले तर मागचे नऊ वाचतात. विषबाधेची शंका असेल तर कोठीपोटातील ऐवज स्वच्छ बरणीत, औषधी द्रव न घालता, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तो डॉक्टरांनीच काढावा आणि सीलबंद करावा. आपण मात्र आदल्या दोन दिवसांत गव्हाणीत पडलेल्या प्रत्येक वस्तूचा, गोणीतल्या पेंडीचा आणि कुंपणावरच्या पाल्याचा मूठ-मूठभर नमुना वेगळ्या पिशव्यांत बांधून त्यांच्या हाती द्यावा.